वाडीच्या सात चुली

२१ जुलै १९३७

पहाटेपासून पाऊस थांबलेला नाही. दहाच्या सुमारास धोंडू शिपाई सांगत आला, भातसा नदी खालच्या उंबरापर्यंत चढली. वरच्या वर्गाला त्रैराशिके घालून दिली, छत्री घेतली, निघाले.

नदीकाठच्या सपाटीवर कातकऱ्यांच्या सात झोपड्या. टेकाडावर शाळा. मध्ये दोनशे पावले. एवढे चालून या म्हणून माणसांना विनवावे लागते! पुरुष कामावर. बायका उंबऱ्यात बसून पाणी बघत होत्या. "येल नि जाल," म्हणे. आवाज चढवावा लागला. सव्वा तासात सातही घरे वर आणली. गवती छपराखाली जळती चूल सोडून जाणे हा मूर्खपणा, म्हणून प्रत्येक चूल स्वतः पाणी ओतून विझवली.

चांगी म्हातारी तेवढी हटेना. वाडीतली सगळ्यांत वयस्क बाई. चुलीपुढे हात पसरून बसली. "बाय, सगल्या मारल्यास. येक तरी ठेव गो." धोंडूला तिला उचलायला लावले.

"बाई, म्हातारी चावली!"

"तिला दात किती आहेत? चल."

तिच्या चुलीवर दोन तांबे ओतले. एकाने भागेना.

काम वेळेत झाले. रात्रीपुरती सगळ्यांना शाळेच्या पडवीत जागा दिली.

२२ जुलै

पाणी खालच्या झोपडीच्या उंबऱ्याला लागले आणि मागे फिरले. आत गेलेच नाही. दुपारी मंडळी परत. पडवीभर चिखल. धोंडूची कुरकुर. निदान कोणी वाहून गेले नाही.

जाताना चांगीने माझ्याकडे पाहिलेही नाही. उपकाराची जाणीव या लोकांत

(पुढे लिहीत नाही. डोके दुखते.)

२८ जुलै

बाळकृष्णपंत आले होते. या गावच्या जमिनीचे मालक, शेटजी, कल्याणला असतात. इथला सगळा कारभार बा.पं. पाहतात. काळी टोपी, गोड बोलणे. माझे आभार मानायला आले! कशाबद्दल ते कळेना.

मग कळले. २२ला सकाळी, वाडी माझ्या पडवीत असताना, हे दोन पंच घेऊन खाली गेले होते. सातही चुलींच्या राखेवर तळहात ठेवून पाहिले. सातही थंड.

"चूल जिती तोवर जागा वाडीची, बाई. चूल थंड झाली की जागा शेटजींची. आजोबांच्या वेळेपासूनची वहिवाट."

"लेखी दाखवा."

"लेखी नाही. म्हणून तर सगळ्यांना पाठ आहे."

शेटजींना गाडीवाटेलगतच्या दोन जागा गवताच्या गंज्यांसाठी हव्या आहेत. दिवाळीपासून गवत कापायचे, रचायचे, आटगाव स्टेशनावर गाड्या भरून मुंबईच्या तबेल्यांना पाठवायचे. गंज्या दिवाळीनंतरच्या, पुराचे त्यांना काय? पाच घरांना माफी दिली. दोघांनी उठायचे. त्यातले एक चांगीचे.

"दहा वर्षं जमलं नव्हतं ते तुम्ही एका सकाळी केलंत," म्हणाले. उठून दार उघडून धरले. गेले.

३० जुलै

वाडीवर गेले. उठवलेले दुसरे घर सपाटीतच दाटीने बसले; चांगीच्या मुलाने झोपडी खाली हलवली आहे. ओहोळ नदीला मिळतो तिथल्या अरुंद पट्टीवर. दारातून पाण्यात हात घालता येईल. पूर आला तर पहिले घर तेच.

चांगी मडके घेऊन पाण्याला गेली. वेगळ्या झोपडीत राहणारी सून सोमी बोलली. दिवाळी झाली की सारी वाडी कोळशाच्या भट्ट्यांवर जाते, मुरबाडच्या रानात, कधी त्याच्याही पलीकडे. पावसाच्या तोंडावर परत. तोवर म्हातारी एकटी मागे राहते आणि सातही चुली जित्या ठेवते. पूर घरात शिरला तर बाकीचे वर जातात, ती विस्तव मडक्यात घालून माळ्यावर चढून बसते.

म्हणजे दर पुरात वाडीने म्हातारी मागे ठेवली ती हट्टापायी नव्हे. आणि मी तांब्या घेऊन सात चुली फिरले. काम वेळेत झाले असे वर लिहिले आहे. खोडत नाही. राहू दे.

१ ऑगस्ट

शेटजींना पत्र. उत्तर येणार नाही हे माहीत असून लिहिले.

१९ सप्टेंबर

उत्तर आले नाही.

—

५ जून १९३८

वर्ष गेले. या वहीत इन्स्पेक्टरसाहेबांच्या भेटी आणि माझी दाढदुखी याशिवाय काही नाही. गंज्या मात्र झाल्या. ज्या जागेवर चांगीचे घर होते तिथून चैत्रापर्यंत गवताच्या गाड्या सुटत होत्या. आता जागा रिकामी, हिरवळ उगवलेली. पावसाळाभर कोणालाच नको आहे. पण चांगीने तिथे बसायचे नाही.

आज ठरवले. तीन गोष्टी. एक, पुराच्या वेळी वाडीच्या चुली शाळेत आणल्या तर त्या वाडीच्याच धराव्यात असा कागद मामलेदार कचेरीतून मिळवणे. दोन, शाळा कमिटीची परवानगी. तीन, चांगी.

तिसरे आधी करायला हवे. म्हणून ते शेवटी लिहिले.

१४ जून

कचेरी. बैलगाडीत तीन तास, बाकावर चार. कारकून तरुण, अक्षर बरे.

"बाई, पुराचा अर्ज पूर आल्यावर करायचा."

"आणि आगीचा?"

"आग लागल्यावर."

"मरणाचा?"

हसला. अर्ज ठेवून घेतला. पावसाळा संपल्यावर विचार करता येईल, म्हणाला. पुण्यास कॉलेजात होते तेव्हा आम्ही दोघीच मुली वर्गात, मागच्या बाकावर. तेव्हाही प्रत्येक गोष्टीला 'विचार करता येईल' असेच उत्तर मिळे. तीस वर्षांत सरकारने वाक्य बदललेले नाही.

२० जून

शाळा कमिटी. अध्यक्ष पाटील. मनाने वाईट नाहीत, पण गावाला भितात.

"पडवीत माणसा येऊंद्यात, बाई. चुली कशाला?"

कशाला ते सांगितले.

"म्हंजे सरस्वतीच्या दारात मासळी शिजायची?"

"सरस्वतीने अजून तक्रार केलेली नाही."

बाकीचे हसले, पाटील नाही. वाटाघाटी दीड तास. अखेर ठरले: पडवीत नाही, पडवीच्या बाहेर, पागोळीखालच्या ओट्यावर. म्हणजे पश्चिमेचा पाऊस थेट चुलीत. मी हो म्हटले. घरी येऊन जुने दोन पत्रे शोधले. आडोसा मीच बांधून घेईन. कमिटीने पत्र्यांबद्दल काही ठरवलेले नाही.

२६ जून

चांगीकडे गेले.

जाताना वाक्य तयार केले होते. ते आले नाही. "माझी चूक झाली," एवढेच म्हटले, तेही वर्गात हजेरी घ्यावी तसे.

ती मासे साफ करीत होती. हातातला मासा संपवला. मग, "तुजी चूल कंदी कुनी मारली काय, बाय?"

माझ्याकडे चूल नाही. शाळेमागच्या खोलीत राहते, स्टोव्हवर रांधते. तसे सांगितले.

"मंग रातचा इस्तू?"

"काडी ओढली की पेटतो. चावी सोडली की विझतो."

सोमी तोंडाला पदर लावून हसली. चांगी हसली नाही. माझ्याकडे अशी पाहत राहिली, जणू बाईला घरदार नाही हे तिला आज कळले.

पत्रे, ओटा, कागद, सगळे समजावले. पूर आला तर विस्तव मडक्यात घालून शाळेत आणायचा. मी घंटा वाजवीन, सलग.

"आनि तू परत इझवलास तं?"

"नाही विझवणार."

"बगू," म्हणाली. त्यांच्यात 'बगू' म्हणजे हो की नाही, हे बारा वर्षांत मला कळलेले नाही.

४ जुलै

पाऊस नीट. पाणी वेळूच्या बेटाखाली. कचेरीचे उत्तर नाही.

११ जुलै

उत्तर नाही. दुसरा अर्ज. धोंडू म्हणतो, "बाई, तुमी अर्ज लिवता तवाच पाऊस येतो. जरा थांबा, लावनी होऊंद्या."

२३ जुलै

शनिवार, सकाळची शाळा. नवाच्या सुमारास पाणी ओहोळातून उलटे चढू लागले. गेल्या वर्षीसारखे सावकाश नव्हे. घंटा वाजवली. खांदा भरून आला, मग धोंडूने वाजवली.

कोणी येईना. पावसाच्या पडद्यातून काही दिसेना. मनात आले, बरोबर आहे, का यावे?

मग सोमी दिसली. डोक्यावर मडके, मडक्यावर उपडे मातीचे परळ, परळावर पळसाची पाने. मागे दुसरी, तिसरी. सहा मडकी आली. पोरे, कोंबड्या, जाळी. सातवे नाही.

"म्हातारी कुठे?"

"येतंय म्हनाली. तुमी फुडं चला म्हनाली."

मी खाली गेले. धोंडू ओरडत होता, ऐकले नाही. पाणी पोटरीला, मग गुडघ्याला. चांगी पट्टीवरच्या झोपडीत माळ्यावर मडके मांडीत घेऊन बसलेली. खालची चूल पाण्यात गेली होती.

"चल."

"तू जा बाय. तुला पवाया येत नाय."

"तू आल्याशिवाय जात नाही."

"मंग दोगी मरू?"

"मडकेही मरेल," मी म्हटले.

त्यावर उतरली. खाली पाणी छातीला. मडके माझ्या हातात दिले. मला! तिच्या मुलाने तरंगायला कमरेला सुके भोपळे बांधून दोघींना दोरीने ओढून घेतले. मडके डोक्यावर धरले होते. तळवे पोळले. पडू दिले नाही.

साडेअकरापर्यंत ओट्यावर सात चुली. सात धूर. पाटील पागोट्यावर पोते घेऊन बघायला आले. दोन्ही बैल गोठ्यात अडकले म्हणाले. चांगीचा मुलगा आणि आणखी दोघे तेच भोपळे बांधून परत पाण्यात शिरले. बैल आणले.

२४ जुलै

सपाटीवर काही नाही. सातही झोपड्या गेल्या. चिखल, एक आडवा खांब, त्यावर कोणाची तरी टोपली. चांगीची पट्टी नदीने कापून नेली; तिथे आता कडा आहे.

माणूस एकही गेला नाही. सगळे आहेत. हे दोनदा मोजले.

बा.पं. दुपारी आले. सपाटी पाहिली, मग ओट्याशी आले. हात नुसता पुढे केला, झळ लागली तसा मागे घेतला.

"शाळेतली चूल वाडीची कशी, बाई?"

मी कालच लिहून ठेवलेला कागद पुढे केला: सातही घरांचा विस्तव वाडीवरून इथे आणला, सातही चुली पेटत्या पाहिल्या. सही करा म्हटले. "मी पाहिल्या नाहीत," म्हणाले. डोळ्यांना धुरामुळे पाणी येत होते.

पाटलांकडे वळले. पाटलांनी गोठ्याकडे पाहिले, कागदाकडे पाहिले. सही केली. वर आपल्या हाताने तीन शब्द घातले: 'पडवीत नाही, बाहेर.'

२७ जुलै

झोपड्या लगेच होणार नाहीत. छपराला गवत लागते आणि गवत शेटजींचे. तोवर ओट्यावर. बा.पं.नी निरोप धाडला आहे की चुली विझू द्या, नव्याने बोलू. नव्याने म्हणजे जागा शेटजींची धरून.

कमिटीतले दोघे म्हणतात, पूर ओसरला, आता काय? इन्स्पेक्टरसाहेब आले तर? आले तर त्यांनाही धूर लागेल, म्हटले.

२९ जुलै

कचेरीचा कागद! पाठवला कोणी? तोच तरुण कारकून. 'पूर आल्यापासून सदर चुली अखंड पेटत्या होत्या असे जबाबदार इसमाने लेखी दिल्यास विचार करता येईल.' तो स्वतः ४ तारखेला पाहणीस येणार, बा.पं. बरोबर.

अखंड. बरा शब्द काढला आहे. जबाबदार इसम म्हणजे मी. दुसरे कोणी नाही.

३१ जुलै

लावणीची घाई. गावाला हात हवे आहेत. तोच गाव, ज्याला मासळीचा वास चालत नाही. वाडीतले सगळे सूर्य उगवताना चिखलात जातात, दिवेलागणीला येतात. चुली राखायला चांगी. पण तिला परवापासून ताप. पत्र्याखाली पडून मला हुकूम सोडते.

"लाकूड पालथं नको घालू. … फुकू नको, आदी राख सार. … बाय, तुला कुनी शिकवलंच नाय काय?"

शिकवले. लॅटिनसुद्धा शिकवले.

विस्तव राखेखाली कसा पुरायचा ते आज जमले. राख जाड झाली तर गुदमरतो, पातळ झाली तर लवकर संपतो. ओली लाकडे. डोळे चुरचुरतात. पाचवीच्या मुली खिडकीतून बघतात. बघू देत.

२ ऑगस्ट

दिवसभर तिसरीला भूगोल, चौथीला गणित, मधूनमधून बाहेर. धोंडू मदत करतो, पण म्हणतो, "बाई, पगार शिपायाचा हाय. चुलीचा नाय." मग लाकडे आणून टाकतो.

३ ऑगस्ट

हे लिहायलाच हवे.

दुपारी चौथीच्या वर्गात अपूर्णांक घेत होते. एका मुलीला काही केल्या कळेना. मला वेळेचे भान राहिले नाही. बाहेर आले तर वारा फिरलेला, पत्र्याच्या कडेने पाऊस थेट सातव्या चुलीवर. चांगीच्या. राख काळी.

तळहात ठेवला. थंड. दोन बोटे आत घातली. थंड.

या वर्षी तांब्या नव्हता, एवढाच फरक.

चांगी पलीकडून बघत होती. लपवायला काही नव्हते. "विझली," म्हटले.

"मंग?"

"मंग काय? विझली, चांगी. तुझीच."

"सोमीच्या चुलीतला घे की निखारा. हात कुनी धरलाय?"

मला वाटले ताप डोक्यात गेला. म्हटले, असे चालत नाही, अखंड लिहून द्यायचे आहे. तिला अखंड काय ते समजावले. ऐकले आणि हसू लागली. हसता हसता खोकला लागला, पाणी दिले, परत हसली.

"आगो, त्या सदाच इझतात! मी येकटी, चुली सात. आठ म्हयनं काय डोलं उघडं ठेवून बसायची? हिची इझली तं तिची, तिची इझली तं हिची. येक जिती र्‍हायली म्हंजे सात जित्या."

तेव्हा उमजले, गेल्या वर्षी एकवीस जुलैला ती माझ्याकडे काय मागत होती. येक तरी ठेव. स्वतःच्या चुलीसाठी नव्हे, सातांसाठी. मी ऐकले होते, इथे लिहूनही ठेवले होते.

सोमीच्या चुलीतून निखारा चिमट्याने आणला. सातवी धरली. वेळ लागला, फुंकले नाही, आधी राख सारली.

४ ऑगस्ट

सकाळी स्टोव्ह पेटवला नाही. चहा सातवीवर ठेवला. चांगीला दिला, मी घेतला, पागोळीखाली, उघड्यावर. समोरच्या वाटेने गावातल्या दोघी पाण्याला चालल्या होत्या, थांबल्या, गेल्या. संध्याकाळपर्यंत पाटलांच्या कानावर जाईल. त्यांचे नंतर बघू.

चांगीने एक घोट घेतला. "धूर लागलाय," म्हणाली. "बरा हाय."

सातही चुली पेटत्या. आत्ता हात लावून आले.

जबाब लिहायला कागद काढला आहे. माझ्या हातून आजवर हजेरीपुस्तकात एक खोटी खूण झालेली नाही. मुलींना त्यासाठी छड्या मारल्या आहेत. 'अखंड' लिहिले तर बा.पं. विचारणार, एकही विझली नाही? तुम्ही शपथेवर सांगता? न लिहिले तर सात घरांना सपाटी नाही. आणि चांगी म्हणते तेच खरे असेल, एकीत विस्तव असला की सातही अखंड, तर मी खोटे लिहितच नाही. पण ते कारकुनाला मान्य होईल का? मला स्वतःला

धोंडू सांगत आला, ओहोळापाशी गाडी सोडली, दोन छत्र्या चढाने येताहेत.

चांगी पत्र्याखालून ओरडते आहे, बाय, तिसरीत लाकूड सार. जाते.